तिरफळं घातलेली आमटी

मालवण
शनिवार, १२ जुलै २०२५

अनुजा,

मला एक माहिती हवी आहे, म्हणून लिहितो आहे. दुसरं मागणं काही नाही. माफीबिफीचा विषय यात नाही, तेव्हा फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

यंदा मी मास्तर झालोय. हसू नकोस. आपल्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या शर्मिलाबाई मे महिन्यात घरी आल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही अठ्ठावीस वर्षं जहाजावर कुक होतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आमच्या नववीच्या पोरांना दोन तास जग दाखवा. नकाशावर बघून ती कंटाळली." मी त्यांना खरं काय ते सांगितलं. म्हटलं, बाई, मी जग पाहिलं ते गॅलीच्या, म्हणजे जहाजातल्या स्वयंपाकघराच्या, गोल खिडकीतून. बंदर आलं की लोक शहर बघायला उतरायचे, आणि मी धक्क्यावर उभा राहून कोबी कुजका आहे का ते बघायचो. पण ज्यांना रांधून घातलं ती माणसं मात्र साऱ्या जगातली होती. बाई म्हणाल्या, तेवढं पुरे.

तर पोषण आहाराच्या शेडमध्ये दोन शेगड्या, चौदा पोरं आणि मी. दर शनिवारी एक देश. फिलिपिन्स झाला, श्रीलंका झाला. आपण नारळाच्या गोड रसात खातो ते शिरवाळे तिकडे न्याहारीला आमटीबरोबर खातात हे ऐकून पोरं दहा मिनिटं हसत होती. युक्रेनच्या दिवशी बीट घातलेलं लालभडक सूप बघून ओमकार म्हणाला, "सर, ह्या तर होळयेचा पाणी!" पण दोनदा मागून घेतलंन. नुसतं रांधायचं नाही, त्या देशात माणसं कशी बसतात, पहिला घास कोणाला देतात, तेही सांगायचं. हा भाग मी फार रंगवून सांगतो. तुला माझी पत्रं आठवत असतील, तशी.

आज इथिओपिया होता. त्यांची भाकरी आपल्या आंबोळीची मोठी बहीण. तिकडे सगळं घर एकाच परातीभोवती बसतं आणि एकमेकांच्या तोंडात घास देतं. आमच्या इंजिनरूममध्ये तिकडचा एक ऑइलर होता, तो मला रोज एक घास भरवल्याशिवाय जेवायला बसत नसे. हे सांगत होतो, तेवढ्यात रिया उठली. ही शेजारच्या गंगारामाची मुलगी. गंगाराम मस्कतला असतो. तिने विचारलं, "सर, तुमच्या बाई तुमच्यावांगडा जेवक बसायच्या?"

मी म्हटलं, नाही गो. आपल्याकडे आधी पुरुष.

"मग त्या काय खायच्या?"

मी तिला शेगडी बारीक करायला सांगितलं. अनुजा, सेकंड इंजिनियरला लसूण चालत नाही, कॅप्टनला अंड्याचा पिवळा भाग घट्ट लागतो, पोलंडचा तो म्हातारा रविवारी बटाटा नसेल तर रुसतो, हे मला झोपेतून उठवून विचार. एकोणीस वर्षं संसार केला आणि तुझ्या आईला जेवताना मी पाहिलेलं नाही. मी जेवून उठलो की ती मागीलदारी जाऊन बसायची. तिच्या ताटात काय असायचं ते बघायला मी एकदाही गेलो नाही.

पोरांनी ठरवलंय की तेरा सप्टेंबरचा शेवटचा तास कुठल्या देशाचा नको, आपल्या घराचा. प्रत्येकाने आपल्या आईला आवडणारा पदार्थ आणायचा. त्यात मीही आलो. मी तुझ्या आईचा, सीतेचा आणायचा. आणि दोनच दिवसांनी अविधवा नवमी, तिचं पान वाढायचं.

तुझ्या आईला काय आवडायचं? एवढंच कळव. एक ओळ पुरे.

तुझा,
बाबा


शनिवार, २६ जुलै

अनुजा,

मालवणहून कुडाळला पत्र पोचायला फार तर तीन दिवस. पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

तू सांगत नाहीस म्हणून मी इकडे तिकडे चौकशी केली. गंगारामाची आई आता नव्वदीला आली, तिला सीता आठवते. तिच्याजवळ जाऊन बसलो. "वहिनी, सीता काय खायची गो?" विचारलं. म्हातारी म्हणाली, "ती काय खाय रे? सगळ्यांक वाढून उरात ता खाय." हे काय उत्तर झालं? सुभद्रेला, म्हणजे रियाच्या आईला, विचारून उपयोग नाही. ती लग्न होऊन आली तोवर सीता गेली होती. तुझी सावंतवाडीची आत्या असती तर तिला माहीत असतं. आता तूच राहिलीस.

बरं, मी अगदीच कोरा आहे असंही नाही. मी सुट्टीवर आलो की पहिल्या दिवशी तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी असायची. दाराशी रिक्षातून उतरलो की तिरफळांचा वास यायचा आणि मी अंगणातूनच म्हणायचो, पोचलो एकदाचा. ती आमटी ती मन लावून करायची. तेव्हा तिलाही ती आवडत असणारच. म्हाळाच्या पानावर मासे चालत नाहीत, म्हणून मी घरी आल्यापासून दरवर्षी डाळीच्या आमटीत तिरफळं ठेचून घालतो आणि तिच्या पानावर वाढतो. नऊ वर्षं चुकलो नाही. वास तरी पोचेल तिच्यापर्यंत, असं मनात म्हणतो.

शेवटच्या तासालाही तीच करायचं म्हणतोय. तू फक्त 'हो' म्हण. ते बरोबर आहे एवढं तुझ्याकडून आलं की माझा जीव भांड्यात पडेल.

माझ्या जहाजावरचा वेंगुर्ल्याचा फर्नांडिस त्या दिवशी आपल्या ओट्यावर बसून जे बोलला, ते त्याने अर्धवट सांगितलं. बाकीचं मी तुला सांगणार होतो, पण तू पर्स उचललीस आणि निघालीस. सहा वर्षं झाली. जाऊ दे, तो विषय यात नाही म्हटलं होतं.

तुझी इशिता पाच वर्षांची झाली असेल.

बाबा


शनिवार, ९ ऑगस्ट

अनुजा,

मी एक घोळ करून बसलो आहे आणि सांगायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

गेल्या शनिवारी मी पोरांना गृहपाठ दिला. म्हटलं, आठवडाभर आपली आई कधी जेवते, कुठे बसून जेवते आणि काय खाते ते बघा आणि वहीत लिहा. कोणी विचारलं तर शाळेचं काम आहे म्हणून सांगा. मला वाटलं, मी जे सुट्टीत चोवीस तास डोळ्यांसमोर असून पाहिलं नाही, ते ही पोरं तरी पाहतील. जपान, ब्राझील सगळं नंतर.

आज वह्या उघडल्या. ओमकारने लिहिलंय, 'सोमवार : उभ्याने. मंगळवार : उभ्याने. बुधवार : भाताची खरवड, उभ्याने.' सृष्टीने लिहिलंय, 'कालची आंबोळी चहात बुडवून. ताजी आमका.' एकाने पानभर काही लिहिलं नव्हतं. म्हणाला, सर, मी सात दिवस बघलंय, माजी आवस जेवताना दिसाकच नाय. पोरं हसली नाहीत. एरवी ती कशालाही हसतात.

दुपारी घरी येऊन पेज घेतोय तोवर सुभद्रा आली. पायरीवरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही.

"काका, तुमी माज्या पोरीक काय शिकवतास?"

"काय झालं गो?"

"जेवक बसलंय काय समोर येवन बसता. ताटाकडे बघता. कालचा माशाचा डोक्या खाल्लंस, आज चटणीभात खाल्लंस, लिवन घेता. माका घास गिळना. माका लाज वाटता, काका! सासवेन काय म्हणूचा? माका काय कोण उपाशी ठेवता?"

मी म्हटलं, चुकलं माझं, मी तिला सांगतो. तरी ती जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मग म्हणाली, "काल तिना इचारल्यान, आई, तुका काय आवडता? मी चुलीजवळ होतंय. म्हटलंय, सांगतंय. मगे इचार करूक लागलंय. रियाच्या बापाशीक काय आवडता ता म्हायत, सासवेक काय ता म्हायत. माजा माका सांगाक येईना, काका. तिच्यासमोर रडाक इला."

आणि ती तशीच निघून गेली. मी पेज ओतून टाकली.

मी पोरांना जग दाखवायला गेलो आणि त्यांच्या घरात जाऊन त्यांच्या आयांची ताटं उघडी केली. माझ्या हातून काही धड होत नाही. जहाजावर बरा होतो; तिथे माणसं जेवली की ताटली खिडकीतून परत यायची आणि माझं काम संपायचं. शर्मिलाबाईंना म्हटलं, वर्ग बंद करू या. त्या म्हणाल्या, आता अर्ध्यावर सोडून जाऊ नका. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नाही, त्या सहज बोलल्या. पण मला ते लागलं.

अनुजा, नवमीला महिना राहिला. तू कळव. मी हात जोडतो.

बाबा


रविवार, २४ ऑगस्ट

अनुजा,

गेल्या आठवड्यात कुडाळला बाजाराला आलो होतो. बाजाराला नव्हे, तुझ्याकडेच आलो होतो. तुझ्या घरासमोरच्या दुकानाशी उभा राहिलो. पायरीवर इशिता बसली होती. स्टीलच्या वाटीतलं काहीतरी चमच्याने खात होती, मन लावून, वाटी पार तोंडाजवळ धरून. काय होतं ते दिसलं नाही. तुझ्या आईसारखं कपाळ आहे तिचं. तिने वर बघितलं आणि मी वळलो. मिळाली ती एसटी धरली. अर्ध्या जगाच्या बंदरांना लागून आलेला माणूस, एक रस्ता ओलांडता आला नाही.

आता ते सांगतो. त्याशिवाय तू उत्तर देणार नाहीस आणि का द्यावंस?

नोव्हेंबर २००९. मी तुम्हाला सांगितलं की जहाज भर समुद्रात होतं, उतरायला वाट नव्हती. खोटं होतं. जहाज दुबईकडच्या फुजैरा बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. नऊ दिवस. किनारा दिसत होता, संध्याकाळी दिवे लागलेले दिसायचे. आत्याचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. कॅप्टनने वर बोलावलं. म्हणाला, उद्या सामान घेऊन लाँच येते आहे, तिच्यातून जा, विमानाचं मी बघतो. फर्नांडिस तिथेच उभा होता. मी म्हटलं, साहेब, एवढं काही नाही, बरी होईल ती. लाँच आली, मी कोबी-बटाटे उतरवून घेतले, आणि लाँच गेली. त्यानंतर तुझी आई सहा दिवस होती.

फर्नांडिसने तुला एवढं सांगितलं. का गेलो नाही ते त्याला ठाऊक नाही.

आत्याच्या निरोपात दोनच ओळी होत्या. 'सीता सिरीयस. काही खात नाही.' मला अडवलं ते त्या दुसऱ्या ओळीने. सगळे म्हणणार, हा स्वयंपाकी नवरा आला, हा तिला खायला घालील. तिच्या खाटेजवळ उभा राहून मी विचारणार, काय करू तुझ्यासाठी? आणि ती नेहमीसारखं म्हणणार, तुमका होया ता करा. मला भीती वाटली गो. मरणाची नाही, त्या प्रश्नाची. परक्या बाईच्या खाटेशी उभं राहावं तसा मी उभा राहिलो असतो, तुझ्यादेखत.

ती गेली तो निरोप आला तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होती. मी बावीस माणसांचं जेवण केलं. मीठसुद्धा चुकलं नाही. ते मी स्वतःला कधीच माफ केलेलं नाही आणि तूही करू नकोस.

गावातली सगळी पोरं बापाला अरे-तुरे करतात. तू लहानपणापासून मला 'तुमी' म्हणायचीस. पाहुण्याला म्हणतात तसं. तेव्हा मला वाटायचं, पोर सालस आहे.

सगळं सांगितलं. आता काही लपवलेलं नाही. गणपतीत पाटावर तुझ्या नावाचा नारळ ठेवीन, तू येणार नाहीस हे मला कळतं. पण तिला काय आवडायचं तेवढं सांग. या खेपेला तरी तिच्या पानावर तिचं म्हणून काहीतरी असू दे.

बाबा


कुडाळ
७ सप्टेंबर २०२५

बाबा,

चारही पत्रं मिळाली. फाडली नाहीत.

दुकानाशी उभे होतात तेव्हा मी खिडकीत होते. हाक मारावी असं वाटलं नाही, हे खरं ते लिहिते.

आईला तिरफळांचा वास सहन होत नसे. डोकं उठायचं तिचं. तुमची सुट्टी जवळ आली की ती शेजारून तिरफळं मागून आणायची, नाकाला पदर बांधून ठेचायची, आणि त्या दिवशी ती जेवायचीच नाही. तुम्ही परत जहाजावर गेलात की ते पातेलं राखेने घासून तीन दिवस उन्हात ठेवायची. मी एकदा तिला म्हटलं, सांग ना त्यांना. तर म्हणाली, "चार दिवसांचो माणूस, तेका कित्याक सांगूचा?" नऊ वर्षं तुम्ही तेच तिच्या पानावर वाढताय, हे तुमच्या पत्रातून कळलं. वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. सुदेश विचारत होते काय झालं, मला स्वतःच्या नवऱ्यालाही सांगता येईना.

तिला काय आवडायचं ते मला माहीत आहे. तुम्ही घरी नसलात की ती ते करायची आणि आम्ही दोघी मागीलदारी एकाच ताटात खायचो. ती हॉस्पिटलात होती तेव्हा मी सतरा वर्षांची होते. डॉक्टर म्हणाले, काहीतरी पोटात जाऊ दे. मी आत्याच्या स्टोव्हवर ते करून रोज डब्यातून नेत होते. शेवटच्या दिवशी तिने त्यातलं दोन चमचे खाल्लं आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्यानंतर तिने काही खाल्लं नाही.

ते काय होतं ते मी कोणालाही सांगितलेलं नाही. इशिताला करून घालते, पण तिलाही नाव सांगत नाही. तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ते शाळेत शेगडीवर चढवाल, पोरांना वाढाल, ते आणखी कुठल्या देशात करतात आणि तिथे त्याला काय म्हणतात ते रंगवून सांगाल. तिच्याजवळ मी होते आणि ते होतं. तेवढं माझ्याकडे राहू दे.

तुम्ही भ्यालात हे मला पटलं. पण मीही भ्याले होते, बाबा. मी गेले.

यापुढे पत्र पाठवू नका.

अनुजा


मालवण
सोमवार, १५ सप्टेंबर

अनुजा,

पाठवू नका म्हणालीस, म्हणून हे पाठवत नाही. लिहिल्याशिवाय आजचा दिवस संपेना, एवढंच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिरफळांची बरणी काढली आणि परसात नेऊन खड्ड्यात ओतली. वर माती लोटली. मग तिथेच बसून राहिलो. हात धुतले तरी वास जाईना. नऊ नवम्या, अनुजा. आणि त्याच्या आधी एकोणीस वर्षं, दर सुट्टीचा पहिला दिवस. मी अंगणातून 'पोचलो एकदाचा' म्हणायचो आणि आत ती नाकाला पदर बांधून असायची. घरात शिरेपर्यंत तिने तो सोडलेला असायचा, म्हणून मला कधी दिसला नाही.

शनिवारी शेवटचा तास झाला. ओमकारने भाताची खरवड आणली, वर गूळ आणि खोबरं घालून. ती त्याच्या आईला खरंच आवडते म्हणे, तो लाजत लाजत सांगत होता. सृष्टीने ताज्या आंबोळ्या आणल्या. म्हणाली, आज आईक ताजी घातलंय, शिळी मी खाल्लंय. रियाने रिकामा डबा आणला. तिने सर्वांसमोर उघडून दाखवला आणि म्हणाली, "माज्या आयेक अजून आठवाक नाय. आठावला की आणतलंय." मग पोरांनी माझ्याकडे बघितलं.

मी काही केलं नव्हतं. एवढे देश शिकवले, शेवटच्या दिवशी माझ्या समोरची शेगडी विझलेली. मी म्हटलं, पोरांनो, मी तुम्हाला एक खोटं सांगत आलो. मला वाटत होतं की माझ्या बायकोला काय आवडायचं ते मला थोडंफार माहीत आहे. मला माहीत नाही. ज्या माणसाला माहीत आहे ते मला सांगणार नाही, आणि न सांगण्यात त्याची काही चूक नाही. मी कमरेचा एप्रन सोडला आणि घडी करायला लागलो. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, शेवटचा तास म्हणून. शर्मिलाबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

आज नवमी. सकाळी चारलाच उठलो. वडे केले, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भाजी. पान मांडलं. डाळीची आमटी केली नाही. पानावर जिथे ती वाढायचो तिथे काही ठेवलं नाही. कावळ्यासाठी वाडी बाहेर ठेवून आलो. कावळा आला, वडा उचलून गेला. त्याला काय, तो कोणाच्याही घरचा वडा उचलतो.

सवाष्ण म्हणून सुभद्रेला बोलावलं होतं. त्या दिवसानंतर ती माझ्याशी बोलत नव्हती, पण नवमीचं बोलावणं तिने मोडलं नाही. पाटावर बसली. तिच्यासमोरही मी तसंच पान वाढलं, तशीच उजवीकडे जागा सोडून. तिने त्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. मग म्हणाली, "काका, हंयसर काय वाढूचा ऱ्हवला?"

मी म्हटलं, "माका म्हायत नाय गो."

इतक्या वर्षांत मी घरात मालवणी बोललो नव्हतो. जहाजावरून आलेल्या माणसाला शोभत नाही असं मला वाटायचं. सुभद्रेने पाणी फिरवलं आणि जेवायला लागली. मी समोर भिंतीला टेकून बसलो. मी जेवत असताना तुझी आई नेहमी माझ्यासमोर बसायची, तिथेच. सुभद्रेने आधी खीर खाल्ली, मग वडा सांबाऱ्यात बुडवून. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, पण उठा म्हणाली नाही. भाजी तिने बाजूला सारली. तिला ती आवडत नसावी.

तू सांगू नकोस. कोणी कितीही मागितलं तरी सांगू नकोस. पुढच्या वर्षीही मी ती जागा तशीच सोडीन, आणि कोणी विचारलं तर आज सांगितलं तेच सांगेन.

बाबा